नाव सांगायचं नाही

नोराच्या दंडावर दात इतके स्वच्छ उमटले होते की मोजून घ्यावेत. मार्लिसने त्यावर गार ओलं फडकं धरलं, दुसऱ्या हाताने पोरीचं नाक पुसलं आणि मान वळवून गुन्हेगाराकडे पाहिलं. बेकेट टेबलाखाली बसून सफरचंदाची फोड खात होता. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. दोन वर्षांच्या माणसाला भूक असते, झोप असते, आणि बेकेटला त्याखेरीज भरपूर दात होते.

"बेकेट, चावायचं नाही. दुखतं. बघ, नोरा रडतेय."

"नोला ललते," बेकेटने मान्य केलं आणि फोड संपवली.

महिन्याभरातली ही चौथी वेळ होती. एकदा नोरा, दोनदा शाळेतल्या मास्तरणीची जुळी, आता पुन्हा नोरा. चावणारा प्रत्येक वेळी हाच.

मार्लिस वोल्कर गेली बावीस वर्षं राहत्या घरात लोकांची मुलं सांभाळत होती. अमेरिकेतल्या आयोवातलं हे गाव मक्याचं आणि डुकरं कापण्याच्या कारखान्याचं. आईबाप अंधारात कामाला निघायचे आणि पोरं हिच्या बैठकीच्या खोलीत यायची. परवाना सहा मुलांचा होता. सहाच्या सहा जागा भरलेल्या असल्या की घर चालायचं. एक रिकामी राहिली तर किराणा हलायचा, दोन राहिल्या तर घराचा हप्ता. नवरा ड्वेन पूर्वी धान्याचा ट्रक चालवायचा. पाठीच्या शस्त्रक्रियांनंतर तो घरीच बसला, आणि त्या शस्त्रक्रियांपायी घर दुसऱ्यांदा गहाण पडलं.

त्यामुळे मार्लिसची मुलांवर असायची त्याहून बारीक नजर मुलांच्या आयांवर असायची. कुणी दारात जरा जास्त रेंगाळलं की तिच्या मनात यायचं, ही आता मूल काढून घेणार. कुणी घाईने निघालं तरी तेच यायचं. गेल्या वर्षी चर्चच्या मागे नवं मोठं पाळणाघर उघडलं, रंगीत भिंती, दारावर कॅमेरे. तेव्हापासून तर ती आयांच्या गाड्यांतही डोकावायची, सीटवर त्या पाळणाघराचा एखादा कागद पडलाय का म्हणून. हे बरं नाही हे तिला कळत होतं. पण डोकावल्याशिवाय राहवतही नव्हतं.

चावण्याच्या बाबतीत तिचा नियम सगळ्या पाळणाघरांत असतो तोच होता. कुणी चावलं तर चावणाऱ्याचं नाव इतर आईबापांना सांगायचं नाही, 'एक दोस्त चावला' एवढंच म्हणायचं. चावणाऱ्याच्या आईला मात्र बाजूला घेऊन सगळं सांगायचं. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग मार्लिसने चारही वेळा गिळला होता.

कारण बेकेटची आई ब्रूक होती. ब्रूकची दोन मुलं मार्लिसकडे होती, बेकेट आणि पाच महिन्यांची हेझल. म्हणजे सहातल्या दोन जागा. त्याआधी बेकेट गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉनीकडे जायचा. कॉनी सरळमार्गी बाई. एकदा ती म्हणाली, "तुझा मुलगा जरा ढकलतो गं दुसऱ्यांना." आठवडा संपायच्या आत ब्रूकने मुलगा काढला, आणि पोटातल्या बाळासाठी धरून ठेवलेली जागाही गेली. कॉनी हल्ली पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. ब्रूक आपल्या दारात आली तेव्हा मार्लिसला कॉनीचं वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटून घ्यायला फारसा वेळ मिळाला नव्हता.

संध्याकाळी नोराची आई टेस आली. ती इस्पितळात नर्स होती. तिने बाही वर केली आणि दंड दिव्याकडे वळवला.

"हे कुणी केलं?"

"एक दोस्त चावला गं. लगेच गार फडकं धरलं. कातडी फाटलेली नाही."

"चांगला दोस्त आहे. पोटभर जेवायला घालत जा त्याला."

तेवढ्यात हेझलला गाडीतून न्यायची रिकामी टोपली हातात घेऊन ब्रूक आली. टोपली खाली ठेवून तिनेही दंड पाहिला.

"परत? मार्लिस, हे आता अति झालं हं. कुणाचं कार्टं आहे हे?"

"नावं सांगता येत नाहीत, ब्रूक. तुला ठाऊक आहे."

"नाव कशाला सांगताय? डोळे आहेत आम्हाला."

तिने खिडकीकडे पाहिलं, मग टेसनेही पाहिलं. खिडकीखाली ओबेद लाकडी ट्रक ढकलत बसला होता. शर्टाची कॉलर त्याच्या तोंडात होती आणि छातीपर्यंत ओली झाली होती. अडीच वर्षांचा ओबेद कमी बोलायचा, आणि इंग्रजी तर त्याहून कमी. त्याचे आईबाप ग्वाटेमालाहून आलेले. बाप एलियासर रात्रपाळीला कारखाना धुवायचा. कॉलर चघळायची ओबेदला सवयच होती, आणि आजवर त्याने दात लावले होते ते फक्त स्वतःच्याच कॉलरला. पण हे सांगायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. मार्लिस नोराच्या टोपीचे बंद बांधत राहिली.

बाहेर बर्फात दोन गाड्या बराच वेळ धूर सोडत उभ्या राहिल्या. मार्लिस पडद्याआडून बघत होती. ब्रूक हातवारे करत होती आणि टेस मान हलवत होती.

"काय बोलतायत?" ड्वेनने आरामखुर्चीतून विचारलं.

"मला काय इथून ऐकू येतंय?"

"एरवी तर गाडी वळली की सांगतेस, कुणाचं मन कुठं वळलं ते."

जेवायला ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याच्या थराचं कॅसरोल होतं. मार्लिसने स्वतःला वाढून घेतलं आणि काट्याने नुसतं उकरत बसली. ड्वेनला सगळं माहीत होतं. दिवसभर घरात असलेल्या माणसापासून काय लपतं?

"सांगून टाक ब्रूकला," तो म्हणाला.

"सांगते ना. मग हप्ता तू भर, धान्याची पोती पाठीवर घेऊन."

ड्वेनने पाण्याचा घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला. हे बोलायला नको होतं असं तिला वाटलं, पण माघार घ्यायचं तिला कधी जमलं नव्हतं.

"आणि त्या ओबेदवर जातंय ते?" त्याने विचारलं.

"मी कुठं त्याचं नाव घेतलं?"

"घेतलं नाहीस. दुसरीनं घेतलं तर पुसलंही नाहीस."

त्या रात्री तिने जो हिशेब केला तो तिने ड्वेनलाही कधी सांगितला नसता. ओबेदच्या फीचा मोठा वाटा काउंटीचं सरकारी खातं भरायचं, तोही उशिरा आणि कमी दराने. सहांपैकी एक जागा जाणारच असेल तर सगळ्यांत कमी तोट्याची जागा तीच होती. हा विचार मनात आला तेव्हा ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली. विचार काही भिंतीमुळे अडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रूक एरवीपेक्षा लवकर आली. बूट न काढताच पायपुसण्यावर उभी राहिली. हे काही खरं नाही, हे मार्लिसने तेवढ्यावरूनच ओळखलं.

"मी आणि टेस बोललो. चर्चमागच्या त्या नव्या ठिकाणी तीन जागा आहेत. आम्हाला काही हौस नाही जायची. बेकेटला तुमचा लळा आहे."

"हो गं. मलाही त्याचा आहे."

"मग उद्यापर्यंत काहीतरी बंदोबस्त करा. नाव मी विचारत नाही. नियम म्हणजे नियम. पण ज्याला कुणी वळण लावलेलं नाही असलं पोर आमच्या पोरांत नको. त्यांच्याकडे चालत असेल तसलं."

तीन जागा. बेकेट, हेझल आणि नोरा. ब्रूकच्या कडेवर बेकेट होता आणि आईच्या कानातल्या रिंगेशी खेळत होता. आत्ताच, मार्लिसने ठरवलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

"ब्रूक, ते आपल्या बेकेटचं..."

"बेकेटचं काय?"

ब्रूकचा चेहरा बदलला. आवाज तोच राहिला, पण डोळे आकसले, आणि मुलाला धरलेला हात थोडा वर सरकला. कॉनीने हाच चेहरा पाहिला असणार.

"बेकेटचे बूट आतून ओले आहेत," मार्लिस म्हणाली. "दुसरी जोडी पाठव उद्या."

"हां, पाठवते की." ब्रूक हसली. गाडीकडे जाताना तिने हातही केला.

शुक्रवारी संध्याकाळी टेस नोराला घेऊन लवकर गेली. मास्तरणीचीही मुलं गेली. ब्रूक दारापाशी गुडघ्यावर बसून बेकेटच्या जाकिटाची चेन लावत होती, तेव्हा एलियासर आला. टोपी हातात होती. आल्याबरोबर त्याने बूट काढून भिंतीशी नीट जोडीने ठेवले, जसे तो रोज ठेवायचा.

"दोन्या मार्लिस," तो म्हणाला. सगळं गाव तिला नुसतं मार्लिस म्हणायचं, 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, असं हा एकटाच म्हणायचा. "कारखान्यात एकानं सांगितलं मला. त्याची बायको तुमच्या ओळखीची आहे. म्हणाला, तुझा मुलगा चावतो. खरं आहे?"

ब्रूकचा हात चेनीवर थांबला. तिने वर पाहिलं नाही.

"एलियासर, नावं सांगायची नसतात," मार्लिस म्हणाली. "नियम आहे तसा."

"दुसऱ्याचं नाव नको मला. मी माझ्या मुलाचं विचारतोय."

तो बरोबर बोलत होता. त्याच्या मुलाबद्दल त्याला सांगायला कुठलाही नियम आड येत नव्हता. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. पण ओबेद नाही म्हटलं की मग कोण, आणि उरलेल्यांत मोजायला किती वेळ लागतो? ब्रूक विम्याच्या कचेरीत दिवसभर हेच तर करायची. मार्लिसला सोमवारची सकाळ दिसली, बैठकीत नुसती जुळी आणि ओबेद, आणि ड्वेन खुर्चीत.

"लहान मुलं असतात," ती म्हणाली. "हळूहळू शिकतात."

एलियासरने मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं. तो खाली बसला, ओबेदच्या तोंडातली कॉलर काढली, हाताने पुसली आणि त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी सांगितलं. आवाज चढला नव्हता. ओबेदने बापाकडे पाहिलं, मग मार्लिसकडे. त्याला काही कळलं नसावं, पण सांगितलेलं करायचं असतं हे त्याला कळत होतं. टोपलीतली हेझल सोडली तर खोलीत मूल म्हणून आता बेकेटच उरला होता. ओबेद त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने बेकेटच्या जाकिटाच्या बाहीवर दोनदा हात फिरवला.

"सॉरी," तो म्हणाला. इंग्रजीत इतकं स्पष्ट तो त्या घरात पहिल्यांदाच बोलला.

ब्रूकला खरंच भरून आलं. ती काही दुष्ट बाई नव्हती. तिने ओबेदच्या केसांवरून हात फिरवला. "असू दे रे राजा. शिकशील तू. बेकेट, त्याला म्हण, ओके."

"ओके," बेकेट मोठ्या मनाने म्हणाला.

मार्लिसला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. चोर सोडून संन्याशाला सुळी हे तिने लोकांच्या बाबतीत खूपदा पाहिलं होतं. स्वतःच्या बैठकीत, स्वतःच्या जिभेने, हे पहिल्यांदा.

एलियासरने खुंटीवरची ओबेदची पिशवी काढली, त्याचं पांघरूण घडी करून आत घातलं, पेला शोधला. आठवड्याचे आपल्या वाट्याचे पैसे त्याने टेबलावर ठेवले.

"सोमवारपासून माझी वहिनी बघेल त्याला," तो म्हणाला. "तुमच्यावर राग नाही. तुम्ही चांगलं सांभाळलं. तो घरी तुमचं नाव घेतो."

"एलियासर," मार्लिस म्हणाली. तो थांबला. ब्रूक उठून उभी राहिली होती आणि हेझलची टोपली तिच्या हातात होती. "रस्त्यावर बर्फ आहे. जपून चालव."

"हो, दोन्या मार्लिस."

दार लागलं. ब्रूकने सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई, कुणाला दुखवायला न लागता मिटलं. बाप समंजस आहे. सोमवारी भेटू." तिने जाताना मार्लिसला एका हाताने मिठीही मारली.

सहावी जागा रिकामी ठेवून भागणार नव्हतं. मार्लिसने त्याच संध्याकाळी गावच्या फेसबुक पानावर टाकलं, आणि शनिवारी सकाळी ड्वेन अंडी खात असतानाच फोन आला. एक तरुण बाई होती, नुकतीच गावात राहायला आलेली, वर्षाच्या मुलीची आई.

"तुमच्याकडे जागा आहे असं वाचलं."

"आहे."

"इतकी पटकन कशी काय? सगळीकडे तर म्हणतात, वर्षभर थांबा. कुणी सोडून गेलं का?"

आवाजात संशय होता. मार्लिसने तो ओळखला, कारण तो तिचा रोजचाच होता.

"एक मुलगा गेला. घरचं कुणीतरी सांभाळणार आहे त्याला."

"अच्छा. म्हणजे काही भानगड वगैरे नाही ना?"

"नाही."

बोलणं तिथे संपलं होतं. पुढचा प्रश्न फीचा यायचा, मग जेवणाचा. पण मार्लिसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगला मुलगा होता," ती म्हणाली. "कुणाला कधी चावला नाही."

ड्वेनचा काटा ताटात थांबला.

"सकाळी उघडता किती वाजता?" फोनवरच्या बाईने जपून विचारलं.

"साडेपाचला," मार्लिस म्हणाली.