चार दारांनी नाकारलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. भरीव वेळूची, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. मुकुंदवाडीतल्या एका घरात सध्या माझा मुक्काम आहे. तिथं गोजरबाई माझ्या टोकानं वाळत घातलेल्या गोधड्या सारख्या करते, म्हणून तुम्हाला मी साधीसुधी वाटेन. पण कधीकाळी माझ्या डोक्याला लोखंडी कडी होती आणि कडीत सात घुंगरं होती.

चितेगावच्या पुढं एक लहानसं गाव आहे, तिथली मी येसकराची काठी. येसकर म्हणजे साऱ्या गावानं राबवून घ्यायचा माणूस. दवंडी त्यानं द्यायची, वेस त्यानं राखायची, सरकारी कागद घेऊन उन्हातान्हात त्यानंच पळायचं. आणि दिवस मावळला की मला वाजवत दारोदार भाकरी मागायची. माझी घुंगरं लई गोड वाजतात, असं लोक म्हणायचे. मीही फुलून जायची. मला धरणाऱ्या हाताला ती कशी वाटतात, हे काही माझ्या मनात आलं नाही.

हे काम वस्तीतल्या पाच घरांत पाळीनं फिरायचं. दर पाडव्याला मी या दारातून त्या दारात जायची. मग एका वर्षी वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आली. पुढच्या पाडव्याला साहेबरावनं आपली पाळी संपवली आणि मला दगडाबाईच्या दारात नेलं. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हणाली, "साहेबराव, ती काठी टाकून आलास तर च्या ठेवते. घेऊन आलास तर आल्या पावली माघारी जा."

पुढच्या दोन घरांतही तेच. साहेबराव मला घेऊन आपल्या घरी परतला, तर त्याच्या बायकोनंही दाराला आतून कडी लावली. नवऱ्याला दार उघडीन, काठीला नाही, असं तिनं आतूनच बजावलं. राहिलं पाचवं घर, धोंडिबाचं. त्यानं मला घेतलं.

पुढं मी त्याच्या घरातच राहिले. घुंगरं गेली, कडी गंजून पडली. मी चिंचा पाडल्या, दुधीच्या वेलाला आधार दिला. धोंडिबामागं त्याची लेक गोजरबाई मला शहरात घेऊन आली. तिथं तर पाच-सहा वर्षं मी कपाटामागं धूळ खात पडले होते.

गेल्या महिन्यात तिची नात विशाखा हिनं मला ओढून बाहेर काढलं. ती कॉलेजात इतिहास शिकते. तिच्या वर्गातली मुलं संगणकावर एक नकाशा करत होती. कोणत्या गावानं येसकरकी कधी सोडली, तिथं एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो आणि हकिकत दिसणार. विशाखानं माझा फोटो काढला, पणजोबाच्या घरावर ठिपका दिला आणि खाली लिहिलं, 'काठी सर्वांत आधी सोडणारे धोंडिबा.' काठी आपल्या घरात, म्हणजे सोडली आपणच, असा तिचा सरळ हिशोब. वर्गात टाळ्या पडल्या, हे तिनं घरी येऊन आजीलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजपुढं नकाशा दाखवायचा होता.

गोजरबाई रोज संध्याकाळी वंदना करून पंचशील म्हणते. त्या दिवशी चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, ती अडखळली. तशीच उठून विशाखाकडे आली. शेजारी तिचा वर्गमित्र अतुल नकाशाचं काम करत बसला होता.

"इशे, तो ठिपका काढ. माझा बाप पहिला नव्हता. शेवटचा व्हता."

मग तिनं साठ-पासष्ट वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. घरात दाणा नव्हता, लेकरं लहान, म्हणून धोंडिबानं मला धरलं. आठ दिवस भाकरी मागितली. वस्तीतलं कुणी त्याला टाकून बोललं नाही. फक्त दगडाबाई रोज आपल्यातली अर्धी भाकरी गोजराच्या हातावर ठेवायची. नवव्या दिवशी धोंडिबानं घुंगरं तोडली.

विशाखा रडकुंडीला आली. "आजी, मी सगळ्यांना सांगितलंय गं. उद्या मोठ्या पडद्यावर..."

"मग मोठ्या पडद्यावर खरं सांग."

अतुल हळूच म्हणाला, "म्हणजे उशिरा यायची चाल घराण्यातलीच म्हणायची." रोज पहिल्या तासाला उशिरा येणारी विशाखा रडतारडता हसली.

मग तिघं कामाला लागले. आकाशातून घेतलेल्या गावाच्या फोटोवर गोजरबाई माझ्या टोकानं घरं दाखवू लागली, तेव्हा स्क्रीन फुटंल म्हणून अतुलनं मला धरून ठेवलं. एकाच्या जागी पाच ठिपके झाले. पहिला दगडाबाईचा, शेवटचा धोंडिबाचा. विशाखानं त्या दोहोंमध्ये एक रेघ ओढली.

"ही कशाची?" अतुलनं विचारलं.

"भाकरीची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मीही कॉलेजात गेले. ठिपके एकेक करून उजळले. शेवटी ती रेघ उमटली आणि ती कशाची, हे विशाखानं सांगितलं. मग मागच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या, कालच्यापेक्षा जोरात. गोजरबाईनं डोळे पुसले आणि मला घट्ट धरलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूचा नुसता फोटो काढून मोकळे होऊ नका. म्हाताऱ्या माणसापाशी बसा. त्यांना लाजेची गोष्टही सांगू द्या, कारण दुसऱ्या कुणाचा तरी चांगुलपणा तिच्यातच बांधलेला असतो. हाती कुणी घेत नाही त्या काठीचा जन्म वाया गेला, असं म्हणतात. मला चार दारांनी घेतलं नाही, पाचव्यानं नवव्या दिवशी खाली ठेवलं. एवढा मान काठीला क्वचितच मिळतो.