कालव्याच्या बाई

हेडफोन कानांवर चढवताना तिच्या केसांतली पिन सुटून टेबलाखाली पडली. ती वाकून शोधू लागली, तसं समोर बसलेल्या निवेदकाने हातानेच खुणावलं, राहू द्या. काचेपलीकडच्या मुलीने बोट वर केलं, भिंतीवरचा लाल दिवा लागला, आणि इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या फळीवरून येणारा तो ओळखीचा आवाज एकदम तिच्या डोक्याच्या आत बोलू लागला.

"नमस्कार मंडळी. आज आपल्याकडे पाहुण्या आल्यात. त्यांना तुम्ही कधी पाहिलं नसेल, पण आवाजावरून सगळे ओळखता. आपल्या कालव्याच्या बाई."

हे नाव तिला श्रोत्यांनीच दिलं होतं. दर मंगळवारी सकाळी रेडिओवर गावातल्या तक्रारींचा हा कार्यक्रम लागायचा. कुणाच्या नळाला पाणी नसायचं, कुणाच्या गल्लीतले दिवे गेलेले असायचे. आणि दर मंगळवारी ती फोन लावायची. तिचं म्हणणं एकच. शाळेमागच्या कालव्याला कठडा नाही, आणि मुलं त्याच काठाने ये-जा करतात. सुरुवातीला निवेदक मनापासून ऐकायचा. मग नुसताच ऐकायचा. पुढे पुढे तर तिचा आवाज आला की म्हणायचा, "बोला बाई, काय म्हणतोय कालवा?" आणि घराघरांत लोक हसायचे. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्याचं हसणं ओसरेपर्यंत थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

कालवा आमच्याकडे येत नाही, असं नगरपालिका म्हणायची. रस्ता आमचा नाही, असं पाटबंधारे खातं म्हणायचं. दोन्हीकडे तिने चपला झिजवल्या. शेवटी निवेदकालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने एका मंगळवारी दोन्हीकडच्या साहेबांना एकाच वेळी फोनवर घेतलं आणि सगळ्या गावासमोर विचारलं, मग कालवा आहे तरी कुणाचा? तिथून चक्रं फिरली. गेल्या आठवड्यात कठडा उभा राहिला. त्याला हिरवा रंगसुद्धा लागला.

एक गोष्ट मात्र तिने रेडिओवर कधीच सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी त्या काठावरून पाय घसरून एक मुलगी गेली होती, ती तिची होती. एकुलती एक. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी वाच्यता केली नाही. सांगितलं असतं तर हळहळ मिळाली असती, कठडा मिळाला नसता, अशी तिची खात्रीच होती. पोर गेली तेव्हा दाराशी माणसांची रीघ लागली होती. प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि जो तो आपापल्या घरी गेला. काठ उघडा तो उघडाच राहिला.

आणि घरात नवरा होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याने तिला कधी अडवलं नाही आणि कधी साथही दिली नाही. मंगळवारी तिने रेडिओ लावला की तो अर्धा चहा तसाच ठेवून पायांत चपला सरकवायचा आणि वेळेच्या आधीच दुकान उघडायला निघायचा. कालव्याच्या रस्त्याने गेलं तर दुकान जवळ पडायचं. तो बाजारातून लांबचा वळसा घालून जायचा. पोरीचं नाव तर त्याच्या तोंडून त्या दिवसानंतर निघालंच नाही. एकदाच तिने म्हटलं होतं, एकदा तरी माझ्याबरोबर कचेरीत चला. तो स्वतःचा चष्मा काढून पुसत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला,

"कठडा लावला म्हणून काय होणार आहे आता?"

तिने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं ते दूध आणलं का, कडी लावली का, एवढंच.

कार्यक्रमात फोन येऊ लागले. पहिला फोन निवृत्त मास्तरांचा. ते दर आठवड्याला भटक्या कुत्र्यांवर बोलायचे, म्हणून सगळे त्यांना कुत्र्यांचे मास्तरच म्हणत. त्यांनी तिचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि लगेच गाऱ्हाणंही घातलं, की बाईंचं काम झालं, आमची कुत्री मात्र होती तशी मोकाट आहेत. तिला हसू आलं. मग एका आजीचा फोन आला. नातू त्याच रस्त्याने शाळेत जातो, आता जिवाला घोर नाही, असं म्हणून आजींनी तिला आशीर्वाद दिला. ती टेबलाची कड बोटाने चाचपत राहिली. निवेदकाने वेळ सांभाळून घेतली.

"मग बाई," तो हसून म्हणाला, "आता पुढच्या मंगळवारी काय?"

त्याने सहज विचारलं होतं. पण तिला एकदम समोर ओट्याजवळची सकाळ दिसली. रेडिओ चालू, हातात फोन, आणि बोलायला काहीच नाही. कठड्यासाठी भांडत होती तोवर पोरीचं काहीतरी करायचं राहिलेलं होतं. डबा भरायचा असावा, वेणी घालायची असावी, तसं. आता काहीच राहिलं नव्हतं. सगळे शाबासकी देत होते आणि तिला वाटत होतं, आपण पोरीचा हात आज सोडला.

"बघू," ती म्हणाली.

काचेमागच्या मुलीने आणखी एक फोन जोडला. आधी नुसता पाण्याचा आवाज आला, उंचावरून खाली पडणाऱ्या पाण्याचा. मग एक पुरुष खाकरला.

"साहेब, मी कालव्यावरून बोलतोय."

तिचे दोन्ही हात कानांवरच्या हेडफोनकडे गेले.

"बोला काका. बाई इथंच आहेत, त्यांना काही सांगायचंय?"

"त्यांना सांगा, मी दर मंगळवारी ऐकतो. दुकानात. त्यांनी एकटीने केलं सगळं. आम्हाला नाही जमलं. काम चांगलं झालंय. पण एका जागी चुकलंय. पाणी सोडायच्या लोखंडी दाराजवळ, जिथं पाणी खाली पडतं ना, तिथं जमीन उतरती आहे. कठडा सरळच नेलाय. त्यामुळे खाली फट राहिलीय."

"मोठी आहे का फट?"

"आपल्याला उभ्याने कळत नाही. मी खाली बसून पाहिलं. लहान पोरांना दिसतं तेवढ्या उंचीवरून. जरा वाकलं की झालं. चेंडू गेला की त्याच्यामागे सरळ आत."

निवेदक कागदावर लिहून घेत होता. लिहितालिहिताच त्याने विचारलं, "साधारण किती उंचीचं मूल जाईल काका? म्हणजे साहेबांना नीट सांगता येईल."

पलीकडे पाणी पडत राहिलं.

"माझ्या कमरेच्या जरा वर यायची," तो म्हणाला.

निवेदकाचं पेन थांबलं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिला. इतकी वर्षं या बाईंना आपण काय काय विचारलं, कसं कसं हसून घेतलं, ते सगळं त्याच्या तोंडावर उमटून गेलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने नको अशी मान हलवली आणि माइक स्वतःकडे ओढला.

"अहो," ती म्हणाली.

पलीकडे त्याला हुंदका फुटला. त्याला रडताना तिने त्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं.

"अहो, तिथंच थांबा. मी येते."

"ये," तो म्हणाला. आणि मग पोरीचं नाव घेऊन म्हणाला, ती याच जागी बसून चिंचोके मोजायची, तुला माहीत होतं का?

तिला माहीत नव्हतं. तिने हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले आणि दाराकडे निघाली. निवेदक जागचा हलला नाही. फोन कुणीच बंद केला नव्हता, आणि गावभरच्या घरांतून, दुकानांतून पाणी पडण्याचा आवाज येत होता.