गुरुवारचं तेल

रजनीचे केस मुदतीच्या तापात गेले. सगळे गेले असते तर एक वेळ नवे तरी आले असते. पण उरले ते असे, की फणी घातली की कडकड वाजायचे आणि अर्धे फणीतच राहायचे. दारव्ह्याहून लग्न होऊन आली तेव्हा कमरेखाली शेपटा होता. दोन वर्षांत पोरगी डोक्यावर पऱ्हाट्यांची मोळी घेऊन हिंडायला लागली. नवरा नीळकंठ पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत कारकून. भला माणूस, म्हणजे काही बोलायचा नाही. नुसतं एकदा पाहायचा आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. ते पाहणंच तिला बोचायचं.

सासूबाईंनी शिकेकाई करून पाहिली, रिठे करून पाहिले, आवळकाठी, आंबट ताक, जास्वंदीची पानं, सगळं झालं. केस काही वळणावर येईनात. शेवटी त्याच म्हणाल्या, "त्या हजराबीचं तेल लावून पाहा. अख्खं गाव लावतं."

हजराबी म्हणजे शेजारीण. कचेरीमागच्या त्या गल्लीत दोन्ही घरांच्या परसात कमरेएवढी भिंत, आणि भिंतीला एक खिंडार, त्यातून मांजरं आणि बाया जात-येत. तिचा नवरा मोहिउद्दीन कापसाच्या जिनात फिटर होता. हजराबीचं तेल असं: तिळाचं तेल कढईत घ्यायचं, त्यात नाल्याकाठचा माका ठेचून, जास्वंदीची फुलं, मेथ्या, आवळा, आणि तडतड थांबेपर्यंत मंद विस्तवावर कढवायचं. तेल कढायला लागलं की गल्लीला कळायचं. न्हाणीघरापासून देवघरापर्यंत त्याचा वास जायचा, आणि त्याला कोणी अडवत नसे.

पण हजराबीची एक अट होती. पहिले सहा महिने ती बाटली द्यायची नाही. गुरुवारी दुपारी येऊन बसायचं, ती स्वतः तेल जिरवणार, रात्रभर ते डोक्यात राहणार, आणि शुक्रवारी सकाळी शिकेकाईनं न्हायचं.

"तेल अर्धंच काम करते, पोरी," ती म्हणाली. "बाकीचं बोटं करतात. तुले बाटली देली त तू वरवर चोपडशीन अन् म्हनशीन, चाचीचं तेलच फुसकं."

रजनीनं सासूबाईंना हे सांगितलं. त्यांचं सोवळं नीळकंठाच्या कचेरीतल्या कायद्यासारखं होतं. कलमं भरपूर, आणि ज्या वेळी जे लागेल ते सापडायचं. मोहिउद्दीननं विहिरीचा रहाट दुरुस्त केला तेव्हा त्या पाण्याला काही झालं नव्हतं.

"बाटलीतल्या तेलाला विटाळ नाही," त्या म्हणाल्या. "चोळलेल्या तेलाला आहे. तेल राहिलं म्हणजे तिचा हात राहिला. लावून घे हवं तर, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं. आणि नुसतं पाणी नाही, साबण."

साबण म्हणजे कपड्याची पिवळी वडी. घरात दुसरा होता कुठे?

आता रजनीला हे कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. तेल लावायचं आणि दोन घटकांनी साबणानं खरडून काढायचं, यात काय उरणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हजराबीकडे जाणं बंद करणं हा सरळ मार्ग होता. पण पहिल्या गुरुवारी ती जांभळीखाली पाटावर बसली, मागे हजराबी बसली, आणि ती दहा बोटं कपाळापासून मानेपर्यंत हळूहळू फिरायला लागली. रजनीची आई ती सात वर्षांची असताना गेली होती. त्यानंतर तिच्या डोक्याला कोणाचा असा निवांत हात लागला नव्हता. तिचे डोळे मिटले ते हजराबीनं खांदा हलवेपर्यंत उघडले नाहीत.

"झोपली काय वो?" हजराबी हसली. "जाय आता. पदर घे डोक्यावर, हवा लागू देऊ नको."

रजनी घरी गेली, न्हाणीत शिरली, आणि पिवळ्या वडीनं केस धुतले. एकदा धुऊन तेल निघेना म्हणून दोनदा धुतले. मग स्वयंपाकाला लागली.

असे गुरुवार चालले. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. हजराबी दर गुरुवारी केस हातात घेऊन पाहायची आणि तिच्या कपाळाला आठी पडायची.

"शुक्रवारी शिकेकाईनंच न्हातं न तू?"

"हो, चाची."

"अन् तेल रातभर राह्यते?"

"राहतं."

खोटं बोलायला जीभ एकदाच अडखळली. दुसऱ्या गुरुवारपासून सवय झाली. हजराबीनं मेथ्या वाढवल्या. मग मेथ्या कमी करून जास्वंद वाढवली. केळापूरच्या एका बाईला सांगून ताजा माका मागवला. जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी गाळून दिलं, न्हाल्यावर शेवटी लावायला. रजनीचे केस मात्र दर आठवड्याला जास्तच राठ होत गेले. होणारच! तापानं सोडले होते ते साबण सोडत नव्हता. दर गुरुवारी भिंत ओलांडताना तिला वाटायचं, आज सांगू. पाटावर बसली की वाटायचं, सांगितलं तर हे संपेल. आणि ती डोळे मिटून घ्यायची. त्या म्हातारीच्या मेहनतीवर पाणी ओतून वर तिचीच माया चाखायची, याला काय म्हणावं ते रजनीला माहीत होतं. स्वतःच्या मनात ती ते म्हणतही असे.

संक्रांतीचं हळदीकुंकू वकिलांकडे होतं. वकीलीणबाई रत्नप्रभा मोठ्या तोंडाच्या. पंधरा बायकांत त्यांनी रजनीचा पदर बाजूला केला.

"अगंबाई, हे काय? आधी होते ते बरे होते की! हजराबीचं तेल लावतेस ना तू?"

सगळ्या जणी बघायला लागल्या. रजनीनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिळगुळाच्या वड्या नीट लावत होत्या, नीटच होत्या तरी. एक वाक्य पुरलं असतं. 'तेल चांगलं आहे, मी धुऊन टाकते.' पण मग पुढचा प्रश्न आला असता, का? आणि त्याचं उत्तर पंधरा बायकांत द्यायचं म्हणजे सासूचं सोवळं चव्हाट्यावर आणायचं. अर्थात त्या पंधरांतल्या बाराजणींच्या घरी तेच सोवळं होतं. कोणी नवल केलं नसतं. रजनीला ते त्या क्षणी सुचलं नाही, की सुचूनही धीर झाला नाही, कोण जाणे.

"हो," ती म्हणाली. "पण गुण नाही आला."

"मग सोडच ते. मी पण आमच्या मंदीला आता नाही पाठवायची. हात उतरला वाटतं म्हातारीचा."

घरी येताना रजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वाणात मिळालेली फणी तिनं मुठीत इतकी घट्ट धरली होती, की दातांचे वण तळहातावर उठले.

बोलणं गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? पुढच्या पंधरा दिवसांत हजराबीच्या जांभळीखाली येणाऱ्या बाया एकेक करून कमी झाल्या.  रजनीच्या डोक्यावर मात्र हजराबी जास्तच वेळ घालवायला लागली, जणू तिथंच काय ते सुटणार होतं. एका गुरुवारी हात थांबवून म्हणाली, "मले वाटते, तेल बराबर हाये. माह्याच बोटात काही राह्यलं नाई आता. होते असं वयानं."

रजनीनं 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं. मग मान आणखी पुढे झुकवली.

माघ अर्धा झाला. हजराबीच्या शहनाजचं लग्न ठरलं होतं, घरी पाहुण्यांची ये-जा चालू होती. लग्नाआधी आठ दिवस नवरीला तेल लावायला बसवायचं. गल्लीतल्या कुठल्याही नवरीला, मग ती कोणाचीही असो, पहिलं बोट हजराबीचं लागायचं. ती तर तिची पोटची पोर. पण सकाळी विहिरीवर शहनाज डोळे पुसताना रजनीला दिसली.

"अम्मीनं फुलसावंगीहून फूफीले, अब्बाच्या बहिनीले, बोलावून घेतलं," ती म्हणाली. "तेल फूफीच लावीन म्हनते. अम्मी म्हनते, माह्या हातानं तुहे केस रजनीसारखे झाले त? मले नाई लावाचं. काहून असं करून राह्यली ते, भाभी? तूच सांगून पाह्य."

रजनीच्या हातून दोर सुटला आणि घागर खाली आपटली. घागर उचलायलाही ती थांबली नाही. भिंतीच्या खिंडारातून सरळ हजराबीच्या परसात गेली. हजराबी जांभळीखाली तांदूळ निवडत बसली होती.

"चाची, तेल चांगलं आहे. तुमचा हात पण चांगला आहे. मी धुऊन टाकते."

"काय धुते?"

"तेल. दर गुरुवारी. इथून गेले की लगेच. कपड्याच्या साबणानं, दोन-दोन वेळा. पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोलत होते. वकिलांकडेही मीच म्हटलं, गुण नाही म्हणून."

हजराबीच्या हातातलं सूप मांडीवर टेकलं. तिनं रजनीकडे असं पाहिलं, की रजनीला वाटलं आता शिव्या येतील, आणि आल्या तर किती बरं होईल. पण म्हातारीचा चेहरा फुलला. खरोखर फुलला.

"साबनानं?" ती म्हणाली. "या अल्ला! साबनानं धुते अन् मी इकडे मेथ्या मोजून राह्यली! म्हनजे बिघडलं काहीच नव्हतं?" तिनं दोन्ही हात वर करून उलटसुलट पाहिले आणि मोठ्यानं हसली. "शहनाज! वो शहनाज! इकडे ये, पाट आन, तेलाची वाटी आन! फूफीले सांग, कढई ठेव म्हना. मी लावतो तुले तेल, मीच लावतो!"

शहनाज धावत आली. पाट मांडला गेला. हजराबीनं वाटीत बोटं बुडवली, लेकीचे केस मोकळे केले, आणि ती बोटं पुन्हा कपाळापासून मानेकडे निघाली. रजनी उभी राहून बघत होती. तिचा जीव भांड्यात पडला होता. आपल्यालाही हसू येतंय असं तिला वाटलं.

मग बोटं मध्येच थांबली.

"पन धुते कायले?" हजराबीनं विचारलं. साधंच विचारलं. "तेलाचा वास नाई आवडत काय?"

 रजनीनं आपल्या परसाकडे पाहिलं. भिंतीपलीकडे सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं वेगळ्या दोरीवर वाळत होतं. हजराबीनंही तिकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती त्या लुगड्याच्या शेजारी राहिली होती, तिला आणखी सांगायची गरज नव्हती.

हसू उतरलं ते हळूहळू. तिनं लेकीच्या केसांतून हात काढून घेतले, मांडीवर ठेवले, आणि थोडा वेळ तेलकट बोटांकडे पाहत राहिली.

"सहा महिने," ती म्हणाली. "अन् तू डोळे मिटून बसत होती. मले वाटे, पोरीले बरं वाटते."

"वाटत होतं, चाची. खरंच वाटत होतं."

"हं," हजराबी म्हणाली. तिनं फडताळातली भरलेली बाटली शहनाजकडून मागवली, स्वतः हातात न घेता शहनाजला म्हणाली, "भिंतीवर ठेव." मग रजनीला म्हणाली, "घरी आपल्या हातानं लावजो. रातभर ठेवजो. साबन लावू नको." आवाजात राग नव्हता. राग असता तर रजनीनं पाय तरी धरले असते.

त्या रात्रीपासून रजनी स्वतः तेल लावू लागली. बाटलीतल्या तेलाला विटाळ नव्हता, त्यामुळे सासूबाईंची हरकत नव्हती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत केस असे झाले, की रत्नप्रभाबाईंनी पुन्हा पदर बाजूला केला आणि शेपटा हातातून सोडेनात.

"काय लावलंस गं?"

"हजराचाचींचंच तेल," रजनी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तेव्हाही चांगलंच होतं. मीच ते साबणानं धुऊन टाकत होते." कारण तिनं याही वेळी सांगितलं नाही. सासूबाईंनी पन्ह्याची वाटी तोंडाला लावली, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून जांभळीखाली पुन्हा बाया बसायला लागल्या. नीळकंठानं वर्तमानपत्र खाली ठेवून दोनदा पाहिलं. रजनीला त्याचंही काही वाटलं नाही.

बाटली संपली की ती रिकामी भिंतीवर ठेवायची, आणि हजराबी भरून तिथेच ठेवायची. रजनी समोर असली तर हजराबी बाटली टेकवून हात मागे घ्यायची, दोन पावलं सरकायची, आणि मगच "घे" म्हणायची. सासूबाईंनीसुद्धा कधी इतकं काटेकोर सोवळं पाळलं नव्हतं.

एका गुरुवारी रजनीला राहवलं नाही. नुकतीच न्हालेली होती, केस मोकळे होते. ती भिंतीला अगदी टेकून उभी राहिली.

"मऊ झाले काय?" हजराबीनं विचारलं.

"झाले. हात लावून पाहा ना, चाची."

हजराबीचा हात उठला. भिंतीच्या वर आला, केसांपासून वीतभर अंतरावर. रजनीनं डोळे मिटून घेतले, पूर्वी मिटायची तसे, आणि वाट पाहिली.

"दिसून राह्यले न," हजराबी म्हणाली.

रजनीनं डोळे उघडले तेव्हा ती पाठमोरी होऊन जांभळीकडे चालली होती. तिथं पाटावर रत्नप्रभाबाईंची मंदी केस सोडून बसली होती.