कापलेल्या कडा

वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स विकायचं ठरलं. तिच्या कडा किती स्पष्ट उमटतात हे पाहायला मी १९९५ची एक निगेटिव्ह प्रथमच पूर्ण छापून घेतली. शेणव्याच्या शाळेतल्या मुलांचा फोटो. मी तिथे विज्ञान शिकवायचे.

लेन्स १९५०च्या सुमाराची. कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसतं त्याहून ती बरंच रुंद टिपते. म्हणून वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवायचा, बोटाच्या पेराएवढी चकचकीत नळी. फोटोच्या दिवशी ती सापडेना. सकाळी अकरा वर्षांच्या तानीनं ती हाताळली होती. मी तिला सगळ्यांसमोर चोर म्हणाले, रांगेपासून लांब उभं केलं.

"एक शब्द बोलायचा नाही."

मग साध्या खिडकीतून फोटो काढला आणि एस.टी. पकडली. ही लेन्स कडेची माणसं ताणते, म्हणून छापताना दोन्ही कडा मीच कापायला लावल्या. तानी पुन्हा शाळेत आली नाही.

आता पूर्ण फोटोत ती होती. डाव्या टोकाला, चेहरा रुंद झालेला, हात लांबच लांब. ती बोट दाखवत होती. मी पट्टी ठेवून ती रेघ पुढे नेली. उजव्या टोकाला ओटा. त्या दिवशी मी कॅमेरा ठेवून फिल्म भरली होती तीच जागा. दप्तरांच्या फटीत, तांदळाच्या दाण्याएवढी, चकचकीत नळी.

भिंगातून तीनदा पाहिलं. तीच.

दुसऱ्या दिवशी शेणव्याला गेले. तानी अंगणात तांदूळ पाखडत होती.

"बाई? तुमी?" फोटो पाहून ती आधी हसलीच. "काय गो बाय, केवडी जाडी दिसतंय मी!"

मी ओट्यावर बोट ठेवलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तानी, माझं चुकलं."

"मी दावत व्हते ना. तुमी बोलूच दिला नाय." ती फोटोकडेच पाहत होती. "आठ वर्सं झाली, बाई. अजून कुनाची कोंबडी हरवली का पयलं माझ्या दारात येतात."

तिनं फोटो माझ्या हातातून घेतला.

"यो फोटू मोठा करा. शाळेत लावा. खाली तुमच्या हातानं लिवा, काय झाला ते."

"लिहिते."

"आन् बाई," तिनं फोटोच्या दोन्ही टोकांवर बोटं दाबली, "या येळेला कापू नका."