कफ्र अल-झय्यातच्या पुढे

"काहिरा, शुब्रा, कलयूब, तूख, बन्हा..."

ओल्या मडक्याच्या काठावरून बोट फिरावं तसा समीलचा आवाज होता. तीस पोरांच्या घोकणीतही नबराला तो वेगळा ऐकू यायचा. काहिराहून अलेक्झांड्रियाला जाणाऱ्या रेल्वेची स्टेशनं मास्तर रोज म्हणवून घ्यायचे. गाव नाईलच्या काठचं, पार दक्षिणेला नूबियात; आगगाडी तिथं कुणाच्या बापानं पाहिली नव्हती.

समील एकाच जागी अडायचा. कफ्र अल-झय्यात... आणि गप्प. मग मान वळवून बहिणीकडे, नबराकडे बघायचा. ती नुसते ओठ हलवायची आणि गाडी सुटायची.

एक दिवस नबराने ओठ हलवले नाहीत. खजुराच्या पातींची तिची बाहुली त्यानं सकाळीच चुलीत घातली होती.

"आठवेल तेव्हाच वर्गात ये," मास्तर म्हणाले.

समील नदीवर जाऊन बसला. सांजेला काठावर त्याच्या चपला सापडल्या, तो नाही. पाण्याखालच्या माणसांनी नेला, म्हणाली आजी. नबराला कुणी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी धरण आलं. शाळा, विहीर, कबरी, सगळं सरोवराखाली गेलं आणि माणसं उत्तरेला नेऊन बसवली.

त्याला साठ वर्षं झाली. परवा भाचा फिक्री मासेमारीची खेप करून आला आणि ओट्यावर जाळं सांधता सांधता गुणगुणू लागला, "तूख, बन्हा, कुवेस्ना..."

"मेल्या, तुला साताचा पाढा आला नाही कधी. हे कुणी शिकवलं?"

"सरोवरानं," फिक्री हसला. "खरंच, आत्या. आपल्या जुन्या गावावर होडी आली आणि दुपारचा वारा पडला, की पोरं घोकताना ऐकू येतात. कुणाचा रेडिओ असेल म्हणा. पण कानातून जात नाही."

"झय्यातच्या पुढे काय म्हणतात?"

"पुढे नाहीच. तिथं अडतात, की पुन्हा काहिरा." तो चपापला. "तुला गं कसं ठाऊक, झय्यातला अडतात ते?"

"पुढच्या खेपेला मला ने."

"तुला होडीत चढवायला चार माणसं लागतील."

"तीन पुरे. तू एकटाच दोघांएवढा आहेस."

फिक्रीनं इंजिन बंद केलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नबराने पाण्याखालच्या माणसांचा मान दिला: दूध ओतलं, खजूर सोडले, अत्तराचे चार थेंब. दूध पसरलं नाही. दोरीसारखं सरळ खाली गेलं.

वारा पडला.

आधी होडीची फळी थरथरली. मग तळातून आवाज आले, तीस पोरांचे, आणि त्यांत एक ओल्या मडक्याचा. तंता. कफ्र अल-झय्यात.

"आता बघ, पुन्हा पहिल्यापासून..." फिक्री कुजबुजला.

पण काहिरा आलं नाही. कुणीच काही म्हणेना. पाणी नुसतं थांबलं होतं, वर्गात कुणी मान वळवून बघत राहावं तसं.

नबरा काठावरून वाकली. साठ वर्षांत तिनं ती स्टेशनं म्हटली नव्हती. एकही विसरली नव्हती.

"मला येत होतं रे, समील," ती म्हणाली. "त्या दिवशीही येत होतं. बाहुलीपायी गिळून बसले."

मग नुसते ओठ हलवून नाही, चांगला आवाज लावून:

"इताय अल-बारूद."