आत घेतलेली शिवण

ओळखलंत का? चर्चच्या मागच्या खोलीत शेवटच्या हुकाला लटकलेला, गायनवृंदाचा सगळ्यांत मोठ्या मापाचा जांभळा झगा बोलतोय मी. माझी डावी शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली आहे. कशी, तेच सांगतो.

मला बेतलं ते खर्जकाकांसाठी. सगळ्यांत खालचा सूर त्यांचा, म्हणून हे नाव. माप घेताना शिंप्याची टेप पुरेना. "काका, तुमच्यात दोन माणसं मावतील," तो म्हणाला. काका गदगदा हसले आणि माप पुन्हा घ्यावं लागलं. त्यांनी गायला श्वास घेतला की मी उशीसारखा फुगायचो. कोण खरं गातो नि कोण नाही, हे झग्याला लगेच कळतं.

काका थकले आणि मग देवाघरी गेले. डांबराच्या गोळ्या घालून मला कपाटात ठेवलं. वाईट वगैरे वाटलं नाही. कपाटात निवांत होतं.

मग एक आई आपल्या नववीतल्या लेकीला घेऊन आली. "बाई, दिवसभर गुणगुणत असते. घ्या हिला," ती गाणं शिकवणाऱ्या बाईंना म्हणाली. मुलगी उंच, खांद्यांनी रुंद, आवाज जाडाभरडा. दुसरा कुठलाच झगा तिला होईना, म्हणून मला बाहेर काढलं.

पुढच्या रांगेतल्या मुलीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "अगं, पुरुषाचा झगा! भोंग्याला शोभतोय मात्र." शाळेत तिला भोंगा म्हणत. यावर सगळ्यांत आधी हसली ती स्वतः. माणसांची ही सवय मला अजून उमगलेली नाही.

त्या आठवड्यात तिनं मला घरी नेलं आणि बारीक दिसावं म्हणून दोन्ही बाजूंनी आत घेतलं. टाके वेडेवाकडे, पण घट्ट. तेव्हापासून ती गाताना ओठ अचूक हलायचे, शब्द एकही चुकायचा नाही, आणि छाती मात्र जागची हलायची नाही. कुणाला पत्ता नव्हता. मला होता, पण झग्याला विचारतो कोण?

सराव संपला की ती मला हुकाला अडकवून माझ्या बाहीत तोंड खुपसायची. "प्रभू येशू, हा आवाज काढून घे ना. मला त्या बाकीच्या मुलींसारखी कर." एकदा म्हणाली, "या रविवारी शेवटचं. मग मी नाही येणार."

बाईंची एक पद्धत होती. मोठ्या उपासनेआधीच्या सरावाला त्या पियानो बंद करायच्या आणि डोळे मिटून प्रत्येकाजवळ कान देत फिरायच्या. आमच्यापाशी त्या थबकल्या. बाकीच्यांना घरी पाठवल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून नुसते ओठ हलवतेस गं?"

"पहिल्यापासून, बाई." मुलगी रडायलाच लागली. "मला घडवताना देवाची चूक झालीये. मी रोज प्रार्थना करते, हा आवाज काढून घे म्हणून."

बाई बाकावर बसल्या. "काका गेल्यापासून मी रोज मागतेय, खालचा सूर दे म्हणून. आता प्रभूनं कुणाचं ऐकायचं?"

"पण त्या मुली हसतील."

"हसतील की. काकांनाही हसायचे. तुला घडवताना प्रभू त्या हसणाऱ्यांना विचारायला गेला नव्हता."

रविवार उजाडला. पहिल्या कडव्याला ओठच हलले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या कडव्याला मात्र वारा आत शिरला, आधी भीतभीत, मग थेट पोटापर्यंत. तो दणदणीत सूर ऐकून पुढची मुलगी हसायलाच वळली होती. पण गाणं चालू होतं, तिला गावंच लागलं. तेवढ्यात माझी शिवण टर्रकन गेली. ऐकू आलं फक्त तिला आणि मला. ती थांबली नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा फुगलो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

शाळेत अजून भोंगाच म्हणतात म्हणे. ती मात्र आता आधी हसत नाही.

आत्ता ती सुईदोरा घेऊन माझ्यासमोर उभी आहे. पोरी, सुई ठेव आणि कात्री घे. तू आत घेतलेली उजवी बाजू अजून तशीच आहे. तीही उसव. शिंप्यानं मला मोठ्या श्वासाच्या मापानंच बेतलंय.