जावेसाठी हॉटेल

माझी धाकटी जाऊ आणि मी शहरातल्या दोन महागड्या हॉटेलांत खोल्या आवरतो. तिची कंबर धरली, तेव्हा ती माझ्या हॉटेलात यायचं म्हणू लागली. मलाही सोबत हवीच होती.

"वहिनींचं हॉटेल भारी, खिडकीतून समुद्र दिसतो," दिरानं शिफारस केली.

"समुद्र काय मला पुसायचाय? ताई, तुमच्याकडे गाद्या जड आहेत का?"

"एका हातानं कोपरा उचलवत नाही."

"आणि टब?"

"प्रत्येक खोलीत. वाकून घासायचा."

तिच्याकडे टब नव्हते, गाद्याही हलक्या.

"मग तुमचं हॉटेल पाहुण्यांनाच लखलाभ."

सकाळी तिनं कमरेचा पट्टा आवळला आणि ती आपल्या बसला गेली. मी थोडं खोटं बोलले असते, तर माझ्या शेजारी बसली असती.